नकाशातल्या चौकोनाची कुळकथा

नेटवर्क मंद असताना मोबाइलवरचा नकाशा सरकवला की कडेला करडे चौकोन उमटतात आणि एकेक करून भरत जातात. हीच टाइल. तिची बाजू मूळची २५६ पिक्सेलांची, पण तिचं कूळ इंटरनेटच्या बरंच आधीचं, १९६०च्या दशकातल्या कॅनडातलं आहे.

कॅनडा सरकारने तेव्हा देशातल्या जमिनीची पाहणी काढली होती : शेतीला कुठली योग्य, जंगलाला कुठली. नकाशांचा ढीग लागला. ते एकावर एक ठेवून क्षेत्रफळं हाताने मोजायला माणसं आणायची कुठून? रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने आयबीएमला हाताशी धरून हे काम संगणकावर सोपवलं. नकाशे वाचायला खास ड्रम स्कॅनर बांधला गेला. जीआयएसचा, म्हणजे संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीचा, जन्म तो हा.

पण माहिती साठवायची चुंबकीय फितीवर. फीत एका रेषेत धावते, जमीन चारी दिशांना पसरते. नकाशाचे चौकोन ओळीने नोंदवले, तर एकाखाली एक असलेले शेजारी फितीवर दूर फेकले जातात. १९६६ मध्ये आयबीएमच्या गाय मॉर्टन यांनी तोड काढली. आधी लगतचे चार चौकोन नागमोडी क्रमाने घ्यायचे, त्या चौघांचा एक मोठा चौकोन धरायचा, मग असे चार मोठे, पुन्हा त्याच क्रमाने. शेजारी बहुतेकदा शेजारीच राहतात. या साऱ्या इतिहासात मला याहून देखणं काही दिसत नाही.

१९९६ मध्ये आलेल्या मॅपक्वेस्टवर दर क्लिकला अख्खं चित्र नव्याने यायचं. २००५ साली गूगल मॅप्सने चित्रं आधीच कापून ठेवली : सारं जग एका टाइलमध्ये, पुढच्या प्रत्येक झूमला चौपट, दहाव्या पायरीवर १०,४८,५७६. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने टाइलना क्रमांक दिले ते मॉर्टन यांच्याच रीतीने. जग चौकोनात बसवण्यासाठी ८५ अंशांपलीकडचे ध्रुव मात्र छाटले गेले आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढं फुगलं. खरी आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

आता बऱ्याच टाइलमधून चित्राऐवजी रेषा आणि नावं येतात, अक्षरं आपल्या फोनवर रंगतात. त्यामुळे एकच नकाशा मराठीत दाखवता येतो. पण अशा काही लोकप्रिय सॉफ्टवेअरची घडण सुट्या अक्षरांच्या लिप्या डोळ्यांसमोर ठेवून झाली. तिथे देवनागरी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. गावाचं नाव धड न लिहिणारा नकाशा अपुराच, आणि ही दुरुस्ती मराठी प्रोग्रामरांनी आपली मानून हाती घ्यायला हवी.