काका उलटे केले तरी काकाच

आमचं घराणं होळकरशाहीत इंदुरात आलं आणि इथलंच झालं. रामबाग, नारायणबाग भागातल्या मराठी घरांत मुलांचा एक बिनपैशाचा खेळ ठरलेला असायचा, नावं उलटी करायचा. सुधाकरचा ‘रकधासु’, विमलची ‘लमवि’, वसंताचा ‘तसंव’. विठ्ठलाचा ‘लठ्ठवि’ झाला की सगळे हसून लोळायचे, मग तो विठ्ठल कितीही काटकुळा असो. काका, मामा, नाना, दादा, बाबा मात्र कधी हाती लागायचे नाहीत. कसेही फिरवा, तेच राहायचे.

मोठी माणसंही यात मागे नव्हती. फक्त त्यांची भाषा ‘च’ची. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. पाणी म्हणजे ‘चणीपा’. इंदूरच्या बाजारात नुसतं मराठीत कुजबुजून भागत नसे, कारण दुकानदारालाही मराठी छान समजायचं! मग साडीच्या दुकानात आजी हळूच आईला म्हणायची, “चवभा चस्तजा.” म्हणजे भाव जास्त. नीट बघा, दोन अक्षरी शब्दाच्या पुढचा ‘च’ काढला की उरतो तो सरळसरळ उलटा शब्दच.

शिवाय पाठ असलेली वाक्यं होती. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘टेप आणा आपटे’, ‘चिमा काय कामाची’. इकडून वाचा, तिकडून वाचा, तीच. ऱ्हस्व-दीर्घाला अर्थातच घरात माफी असे.

हे पोरखेळ वाटतात, पण त्यांची मुळं फार खोल आहेत. वाल्या कोळ्याला ‘राम’ म्हणता येईना, म्हणून त्याला ‘मरा’ म्हणायला सांगितलं आणि ‘मरा मरा’चा राम झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली. मूळ वाल्मीकी रामायणात ती नाही, अध्यात्म रामायणात आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात उलटसुलट वाचता येणारे श्लोक आहेत, माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गातही आहेत. आणि या सगळ्यावर कडी केली ती आपल्या गोदाकाठच्या माणसानं. सोळाव्या शतकातले दैवज्ञ सूर्यपंडित पार्थपूरचे. हे पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातलं आजचं पाथरी, असं मानतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिणारा हा गणिती. त्यांनी ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचलं. श्लोकाचा पहिला अर्धा भाग वाचला की रामाची कथा, आणि तीच अक्षरं शेवटाकडून वाचली की कृष्णाची.

आता आमच्याच मुलखाचा माणूस घ्या. किशोरकुमार खंडव्याचे, आणि १९४०च्या दशकात इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले. कॉलेजच्या कॅन्टीनची त्यांची पाच रुपये बारा आण्यांची उधारी आणि १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’तलं गाणं यांची सांगड इंदुरात आजही लोक हौसेनं घालतात. हेच किशोरकुमार स्वतःची ओळख ‘रशोकि रमाकु’ अशी करून देत. हा आमच्याच खेळाचा नियम. कि-शो-र, र-शो-कि.

आणि गंमत आहे ती याच नियमात. इंग्रजीत उलटं करतात ते एकेक लेटर घेऊन. १९४३च्या ‘सन ऑफ ड्रॅक्युला’ सिनेमात ड्रॅक्युला नाव बदलून येतो आणि होतो ‘अल्युकार्ड’. ऑप्रा विन्फ्रीच्या कंपनीचं नाव ‘हार्पो’. ‘द शायनिंग’मध्ये मुलगा ‘रेडरम’ म्हणत राहतो, आरशात दिसतं ‘मर्डर’. ही नावं जमली, कारण उलटी लेटरं नशिबानं उच्चारता आली. ‘सुरेश’ रोमन लिपीत लिहून उलटा करून पाहा. तोंडातून काही निघत नाही! आपल्याकडे स्वर व्यंजनाला चिकटलेला असतो, अनुस्वार आणि जोडाक्षरही आपापल्या जागी घट्ट. म्हणून ‘शरेसु’ कुणीही म्हणू शकतं, अगदी लिहिता न येणारी माझी पणजीसुद्धा. खेळ डोळ्याचा नाही, कानाचा आहे. फ्रान्सातली पोरंही असंच कानानं उलटं बोलतात, त्याला ‘व्हेरलां’ म्हणतात. ‘स्ट्रोमाए’ हा बेल्जियमचा गायक म्हणजे ‘माएस्ट्रो’ शब्दाचे दोन तुकडे फिरवलेले. अर्जेंटिनात ‘तांगो’चा ‘गोतान’ होतो. म्हणजे या पंगतीत आपण एकटे नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरातलंच आहे. मागच्या गणपतीत नातवंडं जमली होती. कुणी पुण्याहून, कुणी बडोद्याहून, एक हैदराबादहून. मी म्हटलं, चला, ‘काका’ उलटा करा. दोघं तिघं फोन काढून रोमन लिपीत लिहायला लागली आणि उत्तर आलं ‘अकाक’. बडोद्याच्या नातीला मराठी वाचता येत नाही, ती गुजराती शाळेतली. तिनं मात्र क्षणभर विचार करून सांगितलं, “आजोबा, काकाच!” गुजराती लिपीतही ‘का’ हे एकच अक्षर ना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपली मुलं कोणत्या लिपीत शिकतात याची काळजी आपण थोडी चुकीच्या जागी करतो. गुजराती, कन्नड, तेलुगू, यांतली कुठलीही लिपी मुलाला अक्षर धरायला शिकवते. बेळगावच्या कन्नड शाळेतलं मराठी पोरही ‘लठ्ठवि’वर हसेल. पण घरातले निरोप, नावं, आरत्यासुद्धा फोनवर रोमन लिपीत लिहिल्या की अक्षर फुटतं, त्याची लेटरं होतात आणि कान बंद पडतो. मराठी बोलणं राहीलही, पण ती ऐकण्याची ही जुनी रीत जाईल.

म्हणून आमच्याकडे आता रविवारी जेवणानंतर व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं हाच खेळ. अट एकच, लिहायचं नाही. परवा हैदराबादच्या नातवानं शोध लावला, की ‘नदी’ उलटी केली की ‘दीन’ होते, ‘गदा’चा ‘दाग’ होतो, आणि ‘नवजीवन’ फिरवलं तरी हलत नाही. तुमच्या घरातली उलटी नावं आणि वाक्यं आठवत असतील तर मुलांना तोंडी सांगा. आणि लिहून ठेवायची असतील, तर देवनागरीतच लिहा.