पडदा कोणी रंगवायचा?

वर्गात हिरव्या कापडापुढे मुलाला उभे करायचे, मोबाइलवर चित्रण करायचे आणि मग त्याच्या पाठीमागे रायगड नाहीतर चंद्राची जमीन आणून बसवायची, याला अनेक जण नवी चूष म्हणतात. पण माणूस इथला आणि मागचा देखावा दुसरीकडचा, हा खेळ मराठी मुलखात जुनाच आहे. संगीत नाटकांत राजवाडा, रस्ता, अरण्य हे सारे कापडावरच असे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे असे पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे ताजमहालाचा पडदा असायचा, आणि पुढे ताठ बसलेल्या जोडप्याला आपण आग्र्याला गेलेलो नाही हे पक्के ठाऊक असायचे. रंगीत पडदा काढून टाकून त्या जागी दुसरे चित्रण भरण्याची युक्ती लॅरी बटलर यांनी 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये निळ्या पडद्यावर वापरली आणि ऑस्कर मिळवले. पुढे निळ्याची जागा बव्हंशी हिरव्याने घेतली. डिजिटल कॅमेऱ्याला हिरवा रंग अधिक बारकाईने टिपता येतो आणि माणसाच्या कातडीत तो फारसा नसतो. हातात हिरव्या बांगड्या असल्या की मात्र मनगटातून मागचा देखावा दिसू लागतो. कापडाला सुरकुती असली तर तिची सावलीही चित्रात उतरते. म्हणून मूल कापडापासून चार-पाच फूट पुढे उभे करावे लागते.

तंत्र जुने असले, तरी पडदा कोण रंगवतो हे आता बदलले आहे, आणि वर्गातल्या या उद्योगाचे खरे महत्त्व मला त्यात दिसते. नाटकाचा पडदा कंपनीचा, जत्रेतला फोटोवाल्याचा. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. तिचे कार्यक्रम मुलांसाठी होते, पण मुले त्यांची प्रेक्षकच राहिली. 2017 मध्ये ती बंदही पडली. आज काइनमास्टरसारखे चित्रफीत-संपादनाचे अ‍ॅप फोनवर चालते. मागे काय लावायचे, ते खरे आहे का, कुठल्या काळातले आहे, हे सहावीतले मूल ठरवू शकते. शिक्षकाने आयते चित्र दिले तर मात्र आपण पुन्हा ताजमहालाच्या पडद्यापाशीच येतो.

यावर आक्षेप असा की ही मुलांना शिकवलेली फसवणूक आहे. मला उलटे वाटते. ज्याने स्वतः हिरवे कापड ताणून बांधले आहे, तो फोनवर आलेल्या प्रत्येक चित्रफितीकडे जरा संशयानेच पाहील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खोटा धबधबा कशाला, सहल काढा. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूर गावच्या शाळेपुरता तो मान्यच करावा लागतो. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा हाकेच्या अंतरावर असताना तो कापडावर दाखवणे हा निव्वळ आळस ठरेल. पण सहल जागेवर नेते, गेलेल्या काळात नेत नाही.

आणि इस्लापूरला काळच दाखवायचा आहे. हे गाव जागचे हलले नाही, त्याच्या मागचा पडदा मात्र अनेकदा बदलला. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाची राजवट, मग भारतातले हैदराबाद राज्य. 1 नोव्हेंबर 1956 ला आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा बोलणारी या भागातली माणसे तीच राहिली. एकच मुलगी, एकच जागा आणि मागे एकामागून एक चार नकाशे, हे फळ्यावर खडूने दाखवता येते, पण त्या नकाशात ती स्वतः उभी नसते. शिक्षकांनी हिरवे कापड आणलेच, तर पहिला नकाशा निजामाच्या हैदराबादचा लावावा, आणि तो मुलांनीच काढलेला असावा. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या आठव्या कलमात इस्लापूरचे नाव छापलेले आहे; तेवढे पान वर्गात आधी वाचून घ्यावे.