टॅपिर
स्तनी वर्गाच्या विषमखुरी गणातील टॅपिरिडी कुलाचा वनचर प्राणी. बाह्यतः तो डुकरासारखा दिसत असला, तरी घोडा व गेंडा हे त्याचे खरे नातलग होत. त्याच्या पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना तीन बोटे असून शरीराचा भार मुख्यतः मधल्या बोटावर पडतो. नाक व वरचा ओठ यांच्या संयोगाने आखूड, लवचिक सोंड बनलेली असते. तिच्या साहाय्याने तो पाने व कोवळे कोंब ओढून खातो.

यूरोपीय प्रकृतिवैज्ञानिकांना प्रथम दक्षिण अमेरिकेतील टॅपिर माहीत झाला. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याची गणना पाणघोड्याच्या प्रजातीत केली होती. झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १८१२ मध्ये, मोठ्या चतुष्पाद प्राण्यांच्या नव्या जाती सापडण्याची फारशी आशा उरलेली नाही, असे मत मांडले.

या मताला छेद देणारा पुरावा भारतातून गेला. मलाक्का येथील ब्रिटिश अधिकारी विल्यम फार्कर यांनी १८१६ मध्ये मलायी टॅपिराचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविले. परंतु ते १८२० मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान क्यूव्ह्ये यांचेच शिष्य द्यार यांनी कलकत्त्याजवळील बराकपूर येथे गव्हर्नर-जनरलच्या प्राणिसंग्रहात हा प्राणी पाहून त्याची माहिती पॅरिसला कळविली आणि देमारे यांनी १८१९ मध्ये त्याला टॅपिरस इंडिकस हे नाव दिले. अशा रीतीने प्रथम वर्णन करणाऱ्या फार्कर यांच्याकडे नामकरणाचा मान गेला नाही. मलायी लोकांना तर हा प्राणी पूर्वीपासूनच परिचित होता.

नावात ‘इंडिकस’ असले, तरी तो भारतात वन्य स्थितीत आढळत नाही. म्यानमारचा दक्षिण भाग, थायलंड, मलाया द्वीपकल्प व सुमात्रा येथे तो राहतो. मात्र गुजरातमधील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मिळालेला सु. ५·४५ कोटी वर्षांपूर्वीचा कँबेथेरियम हा जीवाश्म प्राणी विषमखुरींच्या पूर्वजांच्या निकटचा मानला जातो.

मलायी टॅपिर ही या कुलातील हयात जातींपैकी सर्वांत मोठी जाती होय. त्याची खांद्याजवळ उंची सु. १ मी. व वजन सामान्यतः २५०–३२० किग्रॅ. असते. पुढचा भाग व पाय काळे आणि धडाचा मागील भाग पांढरा असल्याने अंधारात त्याची आकृती सहज ओळखू येत नाही. गर्भावधी सु. १३ महिने असून एका वेळी बहुधा एकच पिलू होते. त्याच्या अंगावरील फिकट पट्टे व ठिपके काही महिन्यांत नाहीसे होतात. इतक्या मंद प्रजननामुळे शिकार व जंगलतोड यांनी झालेली हानी भरून निघत नाही. मलायी टॅपिर आज संकटग्रस्त जातींमध्ये गणला जातो.