आखूड धावपट्टीची लांब गोष्ट

पुंगोलच्या मंडळींना सेलेटार विमानतळ शेजारचाच. मधे सुंगेई पुंगोल नदी आणि पलीकडे धावपट्टी. चांगीपुढे तो अगदीच धाकटा, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की दाखवायच्या यादीत तो कधी नसतो. पण विमानाला जागा किती लागते, या प्रश्नाचा इतिहास सांगायचा तर मला तो इथूनच सुरू करावासा वाटतो.

28 फेब्रुवारी 1928 रोजी ब्रिटिश हवाई दलाची चार 'सदॅम्प्टन' विमाने इंग्लंडहून मजल दरमजल करत सेलेटारला पोहोचली. ही पाण्यावर उतरणारी विमाने, त्यांना धावपट्टी लागतच नव्हती. आपल्याकडेही सुरुवात अशीच, मिळेल त्या जागेवर झाली. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तो विमानतळ म्हणजे समुद्रकाठची चिखलाची सपाट जमीन! पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर.

पुढे विमाने जड आणि वेगवान झाली, तशा धावपट्ट्या लांबत गेल्या. पण मलायाच्या जंगलाला ते चालणार नव्हतं. 1948 ते 1960 या आणीबाणीच्या काळात डोंगराळ रानात पोलिसांची ठाणी होती. तिथे माणसं, औषधं, दाणागोटा पोहोचवायचा कसा? त्यासाठी स्कॉटलंडमध्ये बनलेली 'पायोनियर' विमाने आली. छोटं पायोनियर शंभर मीटरच्या आत उडायचं आणि तेवढ्यातच थांबायचं. पुढे दोन इंजिनांचं 'ट्विन पायोनियर' आलं. ही विमाने वापरणारी 209 क्रमांकाची तुकडी 1959 पासून 1968 अखेर मोडली जाईपर्यंत सेलेटारलाच होती. म्हणजे आखूड धावपट्टीची विद्या आपल्या शेजारी रोज राबत होती म्हणा ना.

यातली मेख साधी आहे. पंखावरून हवा जोरात वाहिली तरच विमान उचललं जातं, आणि हवा जोरात वाहायला विमानाला धावावं लागतं. मग विमान पळवण्याऐवजी पंखावरच हवा फुंकली तर? फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीने 1961 मध्ये उडवलेल्या '941' विमानात हेच केलं. चार मोठे पंखे मिळून जवळजवळ सगळ्या पंखावर झोत सोडत. पण एखादं इंजिन बंद पडलं की त्या बाजूचा झोत जाणार आणि विमान कलंडणार. म्हणून चारही पंखे एका लांब दांड्याने जोडले होते. युक्ती नामी, पण वजन आणि गुंतागुंत वाढली. अमेरिकेतही चाचण्या झाल्या, विमानकंपन्यांनी मात्र ते घेतलं नाही. अशी विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच बनली.

तो दांडा विजेने घालवला. इंजिनाने फक्त वीज तयार करायची आणि तारांनी ती मोटरला द्यायची, अशी जोडणी 2011 मध्ये ऑस्ट्रियात 'ई-स्टार' नावाच्या दोन आसनी विमानात उडवून दाखवली गेली. मग एका मोठ्या पंख्याऐवजी पंखाच्या कडेला ओळीने छोट्या मोटरी लावणं सोपं झालं, एखादी बंद पडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. अमेरिकेतील 'इलेक्ट्रा' कंपनीचं आठ मोटरींचं 'गोल्डफिंच' नोव्हेंबर 2023 मध्ये उडालं आणि 2024 च्या चाचण्यांत 170 फुटांच्या आत जमीन सोडून वर गेलं. उड्डाणाच्या वेळी लागणारा जादा जोर बॅटरी देते, पुढे इंजिन तिला पुन्हा भरतं.

लगेच हुरळून जावं असं मात्र नाही. एअरबस आणि रोल्स-रॉईस यांचा 'ई-फॅन एक्स' हा मोठा संकरित प्रकल्प 2020 मध्ये उडण्याआधीच गुंडाळला गेला. बॅटरी जड असते, हे दुखणं अजून आहेच. आणि गोल्डफिंच आहे दोन आसनांचं. नऊ प्रवाशांचं विमान बनवायचा कंपनीचा बेत आहे.

तरी माझं मन कोकणात जातं. 2021 मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळाला अडीच किलोमीटरची धावपट्टी लागली. समुद्र आणि सह्याद्री यांच्या चिंचोळ्या पट्टीत एवढी सपाट जमीन प्रत्येक तालुक्याला कुठून आणणार? रात्री छातीत दुखायला लागलेल्या माणसाला मोठ्या इस्पितळापर्यंत न्यायला मात्र एखाद्या शाळेच्या मैदानाएवढी जागा कुठल्याही गावात निघेल.