चिमट्याचा रंग

सायकलच्या इतिहासात चाकाला मान मिळाला, चेनला मिळाला, डनलॉपसाहेबांच्या हवेच्या टायरला तर भरपूरच मिळाला. पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, त्या भागाबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. इंग्रजीत त्याला फोर्क म्हणतात, आणि आपल्या सायकलवाल्याच्या दुकानात चिमटा. किती चपखल शब्द आहे! स्वयंपाकघरातला चिमटा उलटा करून बघा, म्हणजे पटेल.

माझ्या नातवाची सायकल आहे गिअरवाली. डोंगरात चालवायची म्हणून घेतलेली, आणि चालते मात्र हिंदमाता ते शिवाजी पार्क! तिच्या चिमट्यात स्प्रिंग आहे. पोरं त्याला 'शॉकअप' म्हणतात. त्याचा रंग उडाला आहे आणि तो घरीच रंगवायचा बेत चालला आहे. त्या निमित्ताने मी काही वाचलं, काही जुनं आठवलं, ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे. इतिहासाच्या बाईंनी आता सायकलच्या चिमट्यावर लिहावं का, असं कुणी म्हणेल. पण मंडळी, इतिहास काय फक्त तलवारींचाच असतो?

आधी प्रश्न असा, की चिमटा रंगवायचा कशाला? उत्तर आमच्या हिंदमाताला विचारा. सिनेमा थिएटरवरून नाव पडलेला हा भाग बाहेरच्यांना दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे, एक कापडाची दुकानं आणि दुसरी पावसात तुंबणारं पाणी. मुंबई सात बेटांची होती, मधली खाजणं भरून ती एक झाली, हे आपण शाळेत शिकलो. भरलेल्या मुंबईत कुठे उंचवटे राहिले, कुठे खोलगट बशा राहिल्या. हिंदमाता ही त्यातली एक बशी. चारी बाजूंचं पाणी इथे येऊन बसतं. गेल्या काही वर्षांत महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी मात्र जुलै महिना घोटाभर, गुडघाभर पाण्यातच काढला.

त्या पाण्यातून सायकल हातात धरून नेली, की सर्वात आधी बुडायचं ते चिमट्याचं खालचं टोक, जिथे चाकाचा आस बसतो तिथलं. फ्रेम वर राहायची, सीट कोरडी राहायची, चिमटा मात्र चिखलात. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतोच, आणि आपल्या हवेत समुद्राचं मीठ असल्याने तो जरा घाईनेच धरतो. त्यामुळे हिंदमाताच्या सायकली म्हाताऱ्या व्हायच्या त्या पायापासून. माणसांसारख्याच!

ही अडचण जगभराचीच होती. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने पायडल नसलेली दुचाकी काढली, ती लाकडाची होती. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पायडल आलं आणि फ्रेम लोखंडाची झाली. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' काढली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो तीच ही. पुढे सायकलींच्या फ्रेमला पोलादाच्या पातळ नळ्या आल्या. नळी पातळ म्हणजे सायकल हलकी, पण गंजाला खायलाही थोडंच असतं. म्हणून रंग हा शोभेचा भाग उरला नाही, तो सायकलच्या आयुष्याचा भाग झाला.

तो रंग बहुतेक काळाच असायचा. का, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. त्याचं उत्तर 'जपान ब्लॅक' नावाच्या रोगणात आहे. जपानी लाखकामाची नक्कल करायला युरोपात हे रोगण तयार झालं. डांबरासारखं एक खनिज, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं ते मिश्रण. लोखंडावर चढवायचं आणि भट्टीत भाजायचं. भाजल्यावर ते कडक व्हायचं, चकाकायचं, पाणी आत जाऊ द्यायचं नाही. ते मुळातच काळं, त्यामुळे काळ्याखेरीज दुसरा रंग त्यातून मिळायचाच नाही. शिलाईची यंत्रं काळी, सायकली काळ्या, फोर्डची मोटारही बरीच वर्षं काळीच, त्यामागे हा मोठा भाग होता. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स या सायकली बोटीतून मुंबईला उतरल्या त्या हा भाजलेला काळा अंगरखा घालूनच.

पुढे आपल्याकडे कारखाने निघाले. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, वरळीला, 'हिंद सायकल'चा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, आसनसोलला, सोनिपतला, लुधियानाला मोठे कारखाने उभे राहिले. हिंद सायकलचे दिवस पुढे फिरले. 1980 साली संसदेने कायदा करून ती आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या. वरळीच्या कारखान्याला 'नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन' असं सरकारी नाव मिळालं. कालांतराने तेही बंद पडलं. ज्या वरळीत सायकलचे चिमटे भाजले जात होते, तिथे आता कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

असो. कारखान्यातला रंग भट्टीतला असतो, घरात भट्टी कुठून आणायची? घरी सायकल रंगवायची तर हवेवर वाळणारा ऑइल पेंट हवा. इथे आणखी एक मुंबईची गोष्ट येते. 1942 साली, महायुद्धाच्या धामधुमीत, परदेशी रंग मिळेनासा झालेला असताना, चार मित्रांनी मुंबईत एका गॅरेजमध्ये रंग बनवायला सुरुवात केली. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. त्यांची कंपनी म्हणजे एशियन पेंट्स. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानदारांनी दाद दिली नाही, तेव्हा ही मंडळी खेड्यापाड्यांत शिरली आणि रंगाचे लहान लहान डबे विकू लागली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला एवढासाच रंग लागतो, हे त्यांनी हेरलं असं सांगतात. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी त्या डब्यावर ब्रश घेतलेला खट्याळ 'गट्टू' काढून दिला, तो तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा.

मला यातली खरी गंमत वाटते ती त्या लहान डब्याची. गावाकडे बैलाची शिंगं आणि मुंबईत सायकलचा चिमटा, दोन्हीला रंग लागतो तो एका छोट्या डब्याएवढा! कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्या माणसाचा बैल गावी राहिला आणि चाळीच्या व्हरांड्यात सायकल आली. तिची पूजाही त्याने बैलासारखीच केली, दसऱ्याला, झेंडूचा हार घालून.

आमच्या चाळीत सायकल रंगवण्याचा मोसम ठरलेला होता. पावसाळा संपला, ऊन पडायला लागलं, की नवरात्राच्या आधीचा एखादा रविवार. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी करायचे. पुढचं चाक काढायचं. रॉकेलच्या चिंधीने चिमट्याचं वंगण पुसायचं. मग पॉलिश पेपरने गंज घासायचा, पोलाद चमकेपर्यंत. त्यावर रेड ऑक्साइडचा विटकरी हात. तो वाळला की दुसऱ्या दिवशी काळा ऑइल पेंट, पातळ करून, दोन हात. डबा धरायचं काम माझं. ब्रशचे केस रंगात अडकले की तेवढेच चिमटीने काढायचे, हेही माझंच काम.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा कटाक्ष असायचा, आट्यांवर रंग जाता कामा नये. जिथे नट फिरतो, जिथे छर्रे फिरतात, जिथे आस बसतो, तिथे रंग नाही, वंगण. मी विचारलं, तिथे गंज नाही का धरणार? ते म्हणाले, जे फिरतं त्याला तेल, जे उभं राहतं त्याला रंग.

एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण त्याआधी रंगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मी तेव्हा परळ भागातल्या एका शाळेत शिकवत होते. वर्गातली मुलं हळूहळू कमी व्हायला लागली, कुणी गावी गेली, कुणी कामाला लागली. त्याच सुमारास वाटेवरच्या जुन्या सायकलींच्या दुकानात गर्दी वाढली, माणसांची नव्हे, सायकलींची. जाता-येता मी बघायची. बऱ्याच सायकलींची फ्रेम जुनी, चिमटा जुना, पोपडे उडालेले, आणि चेनकव्हर तेवढं नवं कोरं काळं. पहिल्यांदा कळलं नाही. मग लक्षात आलं. चेनकव्हरवर मालकाचं नाव असतं. पेंटरकडून हौसेने घातलेलं, कधी खाली गावाचं नावही. सायकल विकायला काढली की आधी त्या नावावर काळा हात फिरतो.

गिरणी संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि लिहिलं जायला हवंच. माझ्यापुरता मात्र तो संप त्या नव्या काळ्या चेनकव्हरांच्या रांगेत आहे. रंग राखतो, तसा रंग झाकतोही. एखाद्या जुन्या सायकलचा पोपडा उडाला की खाली हिरवा दिसतो, त्याखाली विटकरी, त्याखाली कारखान्यातला मूळ काळा. प्रत्येक थर म्हणजे कुणाचं तरी घर. पुराणवस्तूवाले मातीचे थर वाचतात, तसे हेही वाचता यायला हवेत.

आता नातवाच्या सायकलकडे येऊ. ही डोंगरी सायकल आली कुठून? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1970 च्या दशकात काही तरुण जुन्यापुराण्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. 1976 पासून त्यांनी एका उतारावर शर्यती लावल्या. त्या उताराचं नाव 'रिपॅक'. का, तर खाली पोचेपर्यंत ब्रेक इतके तापायचे की चाकातलं वंगण जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं! म्हणजे या झगमगीत सायकलींचे पूर्वजही भंगारातूनच उठलेले. ते वाचून मला जरा बरं वाटलं.

धक्के शोषणारा चिमटा हा मोटारसायकलचा वारसा. एका नळीत दुसरी नळी सरकणारा, आत तेल असलेला चिमटा बीएमडब्ल्यूने 1935 साली मोटारसायकलवर आणला. सायकलवर तो रुजला 1990 च्या आसपास, पॉल टर्नर यांच्या 'रॉकशॉक्स'मुळे. 1990 साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी जिंकली ती हाच चिमटा लावून. त्यानंतर पाहता पाहता तो आमच्या गल्लीपर्यंत आला.

रंगवायला निघालेल्याने त्याची रचना नीट समजून घ्यावी. वरच्या दोन नळ्या बारीक, गुळगुळीत, चकाकत्या. त्या खालच्या जाड नळ्यांत सरकतात. दोहोंच्या मध्ये रबराचं सील. खालच्या नळ्या चांगल्या चिमट्यात ॲल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या असतात. रंग द्यायचा तो या खालच्या नळ्यांना आणि वरच्या जोडपट्टीला. आतल्या नळीला रंगाचा थेंबही नको. तिथे रंग लागला तर तो सील फाडेल, तेल गळेल आणि चिमटा अडकेल. जिथे चाकाचा आस बसतो आणि जिथे डिस्क ब्रेक टेकतो, त्या जागाही कोऱ्याच ठेवायच्या. आठवलं का दादांचं वाक्य?

रेड ऑक्साइड हे पोलादाचं औषध. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर ते नीट धरत नाही, त्यासाठी वेगळा प्रायमर येतो. मॅग्नेशियम तर उघडं पडलं की लवकर खराब होतं, म्हणून पार खरवडून काढण्यापेक्षा जुना घट्ट रंग हलक्या हाताने खरखरीत करून त्यावर नवा चढवणं शहाणपणाचं. रंग काढायचं जहाल रसायन सीलच्या आसपासही नेऊ नये.

स्प्रेच्या डब्याचीही एक गोष्ट आहे. 1949 साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये एडवर्ड सेमूर नावाचे रंगवाले आपला ॲल्युमिनियम रंग लोकांना दाखवायच्या खटपटीत होते. तो डब्यातून फवारला तर, अशी कल्पना त्यांच्या पत्नीने, बॉनी यांनी सुचवली. जगातल्या अर्ध्या भिंती ज्याने रंगल्या त्या डब्यामागे एका बाईचं डोकं आहे, हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं! फवारणी आम्हा परळ-लालबागवाल्यांना नवी नाही. गणपतीच्या कारखान्यांत बाप्पाच्या अंगावर रंगाची गन फिरताना आम्ही तास तास बघत उभे राहायचो. तिथले कारागीर एका जागी गन कधी थांबवत नाहीत. हात फिरता, थर पातळ, आणि दोन थरांमध्ये दम धरायचा. चिमट्यालाही तेच लागू. शिवाय खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क.

आणि पावसाळ्यात रंगवू नये. दमट हवेत काही स्प्रे रंग वाळताना त्यांच्यावर पांढुरकी झाक येते, कारण हवेतलं बाष्प ओल्या रंगावर जमतं. नातवाला आत्ताच रंगवायचा होता. मी त्याला सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांब. त्याला वाटलं, आजी धार्मिक कारण सांगते आहे. मग इंटरनेटवर वाचून तोच मला म्हणाला, "आजी, ह्युमिडिटी कमी असताना करायचं म्हणे." म्हटलं, तेच रे, आमच्याकडे त्याला दसरा म्हणतात.

रंग कोणता द्यायचा हे त्याने अजून ठरवलेलं नाही. नाव मात्र घालायचं आहे म्हणाला, इंग्रजीत. घाल म्हटलं. अमुकच भाषेत घाल असा माझा आग्रह नाही. ते पुसायची वेळ त्याच्यावर न येवो, एवढंच.

तुमच्या घरातल्या सायकलीचा रंग कोणता होता आणि चेनकव्हरवर कुणाचं नाव होतं? आठवत असेल तर जरूर लिहून ठेवा. सायकली गेल्या, निदान नावं तरी राहू देत.