बॅरिस्टर पंजाबराव देशमुख

वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहूं गेल्यास त्याचीं पहिलीं पानें अमरावतीच्या कायदेपंडितांच्या नांवांनींच भरून जातील. १८९७ सालीं अमरावतीस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, त्या वेळीं स्वागत मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे वकील होते. १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद भूषविणारे रंगनाथ नरसिंह मुधोळकर हेहि वकीलच, आणि सर मोरोपंत जोशी हेहि वकीलच. इंग्रजी अमदानींत कायदा जाणणारा मनुष्यच सरकारशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं शके. म्हणून पुढारीपणाची धुरा साहजिकपणेंच त्याच्या खांद्यावर आली. या पिढीनें प्रांतांत राजकीय जागृति केली, हें तिचें ऋण मोठें आहे. परंतु खेड्यांतील कास्तकाराला वकिलाचें दर्शन घडे तें बहुधा कचेरीच्या आवारांतच, आणि तेंहि शेतावर जप्ती आली म्हणजे. शहरांतील कायदा व खेड्यांतील बांध यांमधील हें अंतर तोडण्याचा ज्यांनीं जन्मभर उद्योग केला, ते डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख होत.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं शेतकरी कुटुंबांत झाला. पापळ, कारंजा व अमरावती येथें शालेय शिक्षण संपवून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले, आणि १९२० सालीं विलायतेस गेले. मुलाच्या शिक्षणासाठीं वडील शामराव यांनीं कर्जाचा भार शिरावर घेतला होता. शेतकऱ्याच्या घरीं कर्ज कसें शिरतें, याचा धडा पंजाबरावांना पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. एडिंबरो येथें त्यांनीं संस्कृत घेऊन एम्. ए. ची पदवी मिळविली. ऑक्सफर्ड येथें वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या उगमावर व विकासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट संपादन केली. आणि त्याच मुक्कामांत बॅरिस्टरीची परीक्षाहि उत्तीर्ण केली.

१९२६ सालीं ते अमरावतीस परतले. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरानें मोठा बंगला घ्यावा, पक्षकार जोडावे आणि पांचदहा वर्षांनीं कौन्सिलांत जावें, हा त्या काळचा मळलेला मार्ग. पंजाबरावांनीं वकिली सुरू केली खरी, परंतु तिजबरोबरच खेड्यांतून शहरांत शिकावयास येणाऱ्या मुलांचा प्रश्न हातीं घेतला. चौथीपुढें शिकूं पाहणाऱ्या कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला अमरावतींत राहावें कोठें, हाच पहिला पेंच होता. शाळेची फी एक वेळ भरतां येई. निवारा व जेवण मिळत नसे. ‘श्रद्धानंद छात्रालय’ हें त्यावरील उत्तर होतें, आणि त्यांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत.

१९२७ सालींच त्यांनीं विमलाबाई वैद्य यांच्याशीं विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. जातिभेद मोडावा असें सभेंत सांगणारे पुष्कळ असतात. आपल्या घरापासून प्रारंभ करणारे थोडे. या विमलाबाई पुढें स्वतः कायद्याच्या पदवीधर झाल्या व राज्यसभेच्याहि सभासद झाल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अंबादेवीच्या मंदिरांत अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. अंबादेवी ही अमरावतीची ग्रामदेवता. तिच्या दारीं उठलेला हा प्रश्न शहरांतील प्रतिष्ठितांना अवघड वाटणें स्वाभाविक होतें. पंजाबराव या चळवळीच्या बाजूनें उघडपणें उभे राहिले.

१९२८ सालीं ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. या अधिकारपदावर कायद्याच्या ज्ञानाचा खरा उपयोग त्यांनीं करून दाखविला. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचें धोरण त्यांनीं अंगीकारलें. मागल्याच वर्षीं महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहानें हा प्रश्न सर्व महाराष्ट्रापुढें आणला होता. धर्मशास्त्राच्या वादांत शिरल्यास त्याला अंत नव्हता. कायद्याच्या दृष्टीनें मात्र गोष्ट सरळ होती: विहीर लोकांच्या पैशानें बांधलेली, तर तिचें पाणी सर्व लोकांचें. ठराव होतांच प्रत्येक गांवचें पाणी मोकळें झालें असें नाहीं. पाणवठ्यावरचा पहारा कागदानें उठत नसतो. तरी पण ज्याला आजवर विनवणी करावी लागे, त्याच्या हातीं हक्काचा आधार आला, हा फरक लहान नव्हता. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा उद्योगहि याच काळांतला.

१९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारांत मंत्री झाले. शिक्षण व शेतकी हीं खातीं त्यांच्याकडे होतीं. तो काळ अत्यंत कठीण होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडचा कास्तकार कापसावर जगणारा. पेरणीला सावकाराकडून पैसा काढावा आणि माल विकून तो फेडावा, हा त्याचा वर्षाचा क्रम. भाव पडले तरी व्याज पडत नाहीं. गहाणखत, दावा, डिक्री, जप्ती आणि लिलाव या पांच पायऱ्यांनीं काळी कसदार जमीन शेतकऱ्याच्या हातून निघून जाई, आणि यांतील प्रत्येक पायरी कायद्याला धरून असे. न्यायाधीश चुकत नव्हता, वकीलहि चुकत नव्हता. तरी शेवटीं अन्याय झालेला असे. कायद्याचें शिक्षण घेतलेल्या मनुष्याला याहून अवघड कोडें नाहीं.

या कोड्याच्या उत्तरादाखल १९३३ सालीं मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा कायदा झाला. अशा प्रकारचा कायदा हिंदुस्थानांत प्रथम याच प्रांतांत झाला, व त्याच्या मागें पंजाबरावांची खटपट होती. सावकार व कुळ यांना मंडळासमोर एकत्र बसवावें, कर्जाची रास्त रक्कम ठरवावी, आणि ती कुळाला झेपेल अशा हप्त्यांनीं फेडण्याचा करार करून द्यावा, अशी त्याची योजना होती. रास्त तडजोड नाकारणाऱ्या सावकारास पुढें दाव्याचा खर्च मिळूं नये, अशीहि तजवीज त्यांत होती. या कायद्याची मर्यादाहि उघड होती. तडजोडीला दोन्ही पक्ष राजी व्हावे लागत, आणि पुढील पेरणीसाठीं पैसा आणावा कोठून, या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हतें. तथापि कर्जदार हा केवळ प्रतिवादी नसून टिकविण्याजोगा उत्पादक आहे, हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत शिरलें. पंजाबरावांचें मंत्रिपद १९३३ सालींच संपलें.

याच सुमारास अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली होती. शिक्षणाविना कुणब्याला आपल्या गहाणखतावर काय लिहिलें आहे, हेंहि कळत नाहीं. मग दाद मागणें दूरच. या संस्थेच्या शाळा व महाविद्यालयें पुढें वऱ्हाडभर पसरलीं. ज्या घरांत अक्षर शिरलें नव्हतें, त्या घरांतून शिक्षक, डॉक्टर व वकील निघूं लागले. एकट्याच्या वकिलीनें जितक्या पक्षकारांना साह्य झालें असतें, त्याच्या कित्येक पट माणसें या शाळांनीं आपल्या पायांवर उभीं केलीं.

१९४६ नंतर पंजाबराव घटनासमितीचे सभासद होते. तेथें त्यांनीं खेडुतांची व मागासलेल्या वर्गांची बाजू आग्रहानें मांडली. १९५२ पासून तीन वेळां अमरावतीनें त्यांना लोकसभेवर निवडून दिलें, आणि १९५२ ते १९६२ हीं दहा वर्षें ते केंद्र सरकारांत कृषिमंत्री होते. भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनीं हिरीरीनें केला. १९५५ सालीं त्यांनीं भारत कृषक समाजाची स्थापना केली. गिरणीवाल्यांचे संघ आहेत, व्यापाऱ्यांचे आहेत. मग शेतकऱ्याचा कां नसावा, हा त्यामागील साधा विचार. या समाजाच्या विद्यमानें १९५९ च्या डिसेंबरांत दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरलें. त्या प्रसंगीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. १० एप्रिल १९६५ रोजीं दिल्ली येथें पंजाबरावांचें देहावसान झालें.

त्यांच्या पश्चात् विदर्भासाठीं स्वतंत्र कृषि विद्यापीठ हवें, या मागणीनें जोर धरला. त्यासाठीं आंदोलन झालें, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजीं अकोला येथें विद्यापीठाची स्थापना होऊन त्याला पंजाबरावांचें नांव देण्यांत आलें. अमरावतीच्या कचेरींत वकिली आरंभलेल्या मनुष्याचें मोठें स्मारक अकोल्यास कापसाच्या व तुरीच्या शेतांत व्हावें, यांत त्यांच्या आयुष्याची दिशाच व्यक्त होते.

त्यांनीं हातीं घेतलेला दावा मात्र अद्यापि निकालांत निघालेला नाहीं. गेल्या तीन दशकांत वऱ्हाडांत कर्जापायीं ज्या शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, त्यांचीं घरें याची साक्ष देतात. सावकारीवर नियंत्रण ठेवण्यासाठीं महाराष्ट्र सरकारास २०१४ सालीं पुन्हां नवा कायदा करावा लागला. १९३३ सालचें कोडें आजहि तेंच आहे: पेरणीचा पैसा आणावा कोठून, आणि भाव पडल्यास तो फेडावा कसा. त्या कोड्यावर पंजाबराव काय म्हणाले असते, याचा तर्क करण्यापेक्षां त्यांनीं काय केलें, तें आठवणें अधिक उपयुक्त होय. कर्ज, विहीर, शाळा व बियाणें या चार गोष्टी त्यांनीं कधीं निरनिराळ्या मानल्या नाहींत.

वऱ्हाडांतील कास्तकार दुकानांतून कापसाचें बियाणें घेतांना वाणाच्या नांवांत ‘पीकेव्ही’ हीं अक्षरें वाचतो. त्यांतील पहिलें अक्षर पापळच्या पंजाबरावांच्या नांवाचें आहे.