वकिलीच्या सनदेपासून विधानसभेपर्यंत : नांदेड-लातूरची परंपरा

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शेजारच्या जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे तिघे कायद्याचे पदवीधर होते. लोकसभेचे सभापतिपद भूषविणारे शिवराज पाटील चाकूरकर हेही कायदा शिकूनच राजकारणात आले. एका मागास समजल्या गेलेल्या भागातून कायद्याच्या पदवीधरांची अशी परंपरा कशी निर्माण झाली आणि मतदाराने तिला कोणत्या कसोट्या लावल्या, हे पाहण्यासारखे आहे.

निजामी राजवटीचा वारसा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू आणि विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया. अशा परिस्थितीत वकील हा गावकरी आणि सरकारदरबार यांच्यातील दुवा ठरे. शंकरराव चव्हाण मूळचे पैठणचे. त्यांनी कायद्याची पदवी घेऊन हैदराबादेत वकिलीस प्रारंभ केला. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात न्यायालयांवर बहिष्काराची हाक आली, तेव्हा त्यांनी वकिली सोडली आणि संस्थानच्या सीमेबाहेर उमरखेडच्या केंद्रात काम केले. म्हणजे या परंपरेचा आरंभ वकिलीचा त्याग करण्यातून झाला.

आधी गाव, मग विधानसभा

केवळ सनद घेऊन कोणी थेट विधानसभेत गेले नाही, ही या परंपरेची दुसरी खूण. शंकरराव १९५६ मध्ये नांदेडचे नगराध्यक्ष झाले आणि पुढे द्विभाषिक मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात आले. शिवराज पाटील १९६७ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष झाले. १९७३ मध्ये ते विधानसभेवर गेले आणि १९७८-७९ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष होते.

विलासराव देशमुख यांनी पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि लातुरात वकिली सुरू केली. त्यांची राजकीय शाळा मात्र बाभळगावची ग्रामपंचायत होती. १९७४ नंतर सरपंच, पंचायत समितीचे उपसभापती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. १९८० मध्ये शिवराज पाटील लोकसभेवर गेले आणि त्याच वर्षी विलासराव लातूरमधून प्रथम आमदार झाले.

मतदारांचा निकाल

न्यायालयातील युक्तिवाद न्यायाधीशापुढे असतो. निवडणुकीत प्रत्येक वस्ती स्वतंत्र निकाल देते. सलग तीन वेळा निवडून आलेले विलासराव १९९५ मध्ये शिवाजीराव पाटील कव्हेकर यांच्याकडून पराभूत झाले. पुढच्या वर्षी विधान परिषदेच्या निवडणुकीतही त्यांना निसटता पराभव पत्करावा लागला. तरीही १९९९ मध्ये ते लातूरमधून प्रचंड मताधिक्याने निवडून आले आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी मुख्यमंत्री झाले. पराभवानंतरही मतदारसंघ न सोडल्याचे ते फळ होते.

निलंग्यात तर मतदाराने घरातच निवड केली. २००४ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचा पराभव त्यांचे नातू संभाजी पाटील निलंगेकर यांनी केला. २००९ मध्ये आजोबांनी ती जागा परत मिळविली. त्याच २००४ साली शिवराज पाटील यांना लोकसभेच्या लातूर मतदारसंघात निलंगेकर घराण्याच्या सून रूपाताई पाटील यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. दीर्घ अनुभव आणि कायद्याचे ज्ञान यांपैकी काहीही विजयाची हमी देत नाही, हे त्या वर्षी स्पष्ट झाले.

जेव्हा न्यायालयच प्रश्न विचारते

कायद्याचा पदवीधर सत्तेवर असतानाही कायद्याच्या कक्षेतच राहतो, याचे उदाहरण निलंगेकरांच्याच कारकिर्दीत आहे. जून १९८५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. एम.डी. परीक्षेच्या गुणांतील फेरफाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले शंकरराव चव्हाणही मराठवाड्याचेच आणि कायद्याचेच पदवीधर.

आजचे नियम

विधानसभेसाठी उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या मतदारयादीत असावे लागते. अनामत रक्कम १० हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती ५ हजार आहे. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटल्यांचे शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते.

उमेदवारीसाठी वकिलाला सनद परत करावी लागत नाही. आमदार किंवा खासदार झाल्यावर वकिली करता येईल का, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला. लोकप्रतिनिधी हा पूर्णवेळ पगारी नोकर नसल्याने त्याला वकिलीची मनाई करता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. निकाल लागल्यावर पराभूत उमेदवाराला किंवा मतदाराला ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. नांदेड व लातूर जिल्ह्यांसाठी ते उच्च न्यायालयाचे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ होय.

परंपरेचा अर्थ

शंकररावांचे निधन २००४ मध्ये, विलासरावांचे २०१२ मध्ये, निलंगेकरांचे २०२० मध्ये आणि शिवराज पाटील यांचे डिसेंबर २०२५ मध्ये झाले. त्यांच्यासोबत एक पिढी संपली. २००९ पासून लातूरचे शहर आणि ग्रामीण असे दोन मतदारसंघ आहेत, आणि आमदारकीसाठी काळ्या कोटाची आवश्यकता उरलेली नाही. तरीही वकिली सोडून निवडणुकीच्या रिंगणात उतरणाऱ्या तरुणासाठी त्यांच्या कारकिर्दीत एक धडा आहे. कायद्याची पदवी मतदाराच्या दारापर्यंत नेते. ते दार उघडायचे की नाही, हे मात्र ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत केलेल्या कामावर ठरते.